जोरात रॉक वाजवायचंय? मग बेसच्या फ्लॅटवाउंड तारा अशा निवडा

‘फ्लॅटवाउंड म्हणजे जॅझवाल्यांच्या तारा, रॉकला राउंडवाउंडच पाहिजे.’ बेस गिटार हातात घेतल्यापासून हे वाक्य तुम्ही दुकानात, यूट्यूबच्या कमेंटमध्ये आणि स्वतःच्या बँडमधल्या गिटारिस्टकडून ऐकलंच असेल. गंमत अशी की आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वाजवतो. रोटोसाउंड कंपनी त्याच्या नावाने जो सेट विकते, तो फ्लॅटवाउंडचा आहे. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनने मुंबईत बीकेसीच्या मैदानावर आपला जगदौरा सुरू केला, तेव्हा घोडदौडीसारखा खणखणीत बेस ऐकलेल्या लोकांना हे सांगितलं तर अजूनही पटत नाही.

म्हणजे प्रश्न ‘फ्लॅट चालतील का’ हा नाहीच. कोणत्या, किती ताणाच्या आणि किती जुन्या, हे खरे प्रश्न आहेत. आणि फ्लॅटचा सेट साध्या सेटपेक्षा चांगलाच महाग असतो. एकदा कापून बसवला की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे आधी समजून घेतलेलं बरं.

आधी तार म्हणजे काय ते बघू. मधे स्टीलचा गाभा, त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. वरची तार गोल असेल तर राउंडवाउंड, चपटी पट्टी असेल तर फ्लॅटवाउंड. गोल तारेचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे बोट सरकवलं की किर्र होतं. फ्लॅट गुळगुळीत असते. पण मोठा फरक स्वरात आहे. कुठलीही तार एकच फ्रिक्वेन्सी देत नाही. बेसची खालची ई ४१ हर्ट्झची, पण तिच्यासोबत ८२, १२३, १६५ असे वरचे हार्मोनिक्सही वाजतात. राउंडवाउंडमध्ये हे वरचे हार्मोनिक्स भरपूर असतात आणि बराच वेळ टिकतात. फ्लॅटमध्ये ते पटकन विझतात. तानपुऱ्याची जवारी खुली असते तेव्हा आणि बंद असते तेव्हा, हा फरक कानाला आठवत असेल तर अंदाज येईल.

इथेच फोन आपल्याला फसवतो. फोनचा स्पीकर इतका लहान असतो की काहीशे हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळजवळ येतच नाही. म्हणजे बेसचा मूळ स्वर गायब आणि वरचे हार्मोनिक्स तेवढे शिल्लक. अशा स्पीकरवर तुलनेचा व्हिडिओ बघितला तर राउंडवाउंड दर वेळी जिंकणार आणि फ्लॅट मेल्यासारखी वाटणार. इअरफोन लावून ऐका. तेही फक्त बेसचं एकट्याचं नको, पूर्ण बँडसोबतचं ऐका.

कारण बँडमध्ये गणित बदलतं. डिस्टॉर्शनवाल्या दोन गिटार आणि झांजा वरची सगळी जागा खाऊन टाकतात. राउंडवाउंडची चमक तिथे गर्दीत भर घालते. फ्लॅटचा जोर लो-मिडमध्ये असतो, तिथे जागा मोकळी असते. दुसरी गोष्ट आपल्या कानाची. कमी आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढला की तो जास्त जाणवतो. म्हणून घरी हळू वाजवताना बेसचा नॉब वाढवून जो टोन गोड वाटला, तोच प्रॅक्टिस रूममध्ये नुसता घुमतो आणि सूर कुठला तेच कळत नाही. फ्लॅट लावल्या असतील तर मी अ‍ॅम्पवर बेस थोडा कमी करतो, मिड्स वाढवतो आणि अगदी हलका ओव्हरड्राइव्ह लावतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे तरी काय, तर सिग्नल कापून नवे हार्मोनिक्स तयार करणं. तारेने जे दिलं नाही, ते आपण हवं तेवढंच परत घालतो.

आता सेट. हॅरिसचा सेट ५०-७५-९५-११०, म्हणजे सगळ्यात जाड तार ०.११० इंचाची, आणि धातू मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू). ला बेलाचा ५२-७३-९५-११० हा मोटाउनच्या जेम्स जेमरसनचा सेट म्हणून ओळखला जातो. दोन्ही कडक. थोमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट्स याच्या अगदी उलट, मऊ. सूर सुंदर, पण तुम्ही जोरात मारत असाल तर तार जास्त झुलते आणि फ्रेटवर खडखडते. डिअ‍ॅडारिओ क्रोम्स स्टीलच्या, फ्लॅटमध्ये त्यातल्या त्यात तेजस्वी. राउंडवाउंडवरून पहिल्यांदाच येणाऱ्या रॉकवाल्याला मी ४५-१०० क्रोम्स सुचवीन.

तुमचा बँड खाली ट्यून करत असेल तर मात्र जाडच घ्या. ताण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ई वरून डी वर आलात तर तारेचा ताण साधारण २० टक्क्यांनी घटतो. स्टँडर्डला कडक वाटणारा सेट डी ला बरोबर बसतो, मऊ सेट लोंबकळतो.

आणि वय. जेमरसन तारा क्वचितच बदलायचा, त्याला तो जुना, गोल, ठोक आवाजच हवा होता. हॅरिसचा खणखणाट नव्या तारा फ्रेटवर आपटल्याने येतो. प्रकार एकच, आवाज दोन टोकांचे. नव्या फ्लॅट पहिले काही आठवडे बऱ्यापैकी चमकतात, त्यामुळे मेटल वाजवणाऱ्याने ‘फ्लॅट दहा वर्षं टिकतात’ या बोलण्यावर बजेट आखू नये.

बसवताना तीन गोष्टी. ११० ची तार नटच्या खाचेत बसते का ते आधी बघा, नाहीतर खाच रुंद करून घ्यावी लागेल. जास्त ताणाने नेक वाकते, तेव्हा ट्रस रॉड अ‍ॅडजस्ट करा किंवा करून घ्या. तुमच्या बेसमध्ये तारा बॉडीमागून ओवत असतील तर त्या सेटला ते चालतं का ते पाकिटावर वाचा, काही फ्लॅट त्या तीव्र वळणाने खराब होतात. आणि हो, जास्तीची तार कापण्याआधी ती पक्कडीने काटकोनात वाकवा, मग वाकलेल्या भागाच्या पुढे कापा. सरळ तारच कापली तर वरची पट्टी गाभ्यावरून सुटते, आणि नवा कोरा सेट तिथेच बाद होतो.