ओठ आधी, आवाज नंतर! पिक्चरसाठी वायरलेस हेडफोन कसा तपासावा?

रात्री घरचे झोपले की हेडफोन लावून पिक्चर बघणाऱ्यांची नेहमीची तक्रार: पडद्यावर ओठ आधी हलतात, संवाद मागून ऐकू येतो. गंमत म्हणजे त्याच हेडफोनवर गाणी मात्र झकास वाजतात. असं का होतं?

ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याआधी टीव्ही तो दाबून लहान करतो. हेडफोन तो पुन्हा उलगडतो आणि मध्येच तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतो. यात बऱ्याचदा १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. गाण्याला चित्र जोडलेलं नसतं, म्हणून तिथे हा उशीर कळत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला जाणवतो.

मग तपासायचं कसं? बातम्या वाचणाऱ्या निवेदकाचे ओठ किंवा टाळी वाजवण्याचं दृश्य बघा. चाचणी घरच्याच टीव्हीवर घ्या; ओटीटी ॲप आणि सेट-टॉप बॉक्स, दोन्हींवर. मोबाइलवरची अनेक ॲप चित्रही तेवढंच उशिरा दाखवून मेळ घालतात. त्यामुळे मोबाइलवर पास झालेला हेडफोन टीव्हीवर नापास होऊ शकतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज-चित्र जुळवण्याचा पर्याय असेल तर तो वापरून बघा. पण काही टीव्हींत तो आवाज फक्त आणखी मागे ढकलतो, मग त्याचा उपयोग नाही. अशा वेळी टीव्हीला स्वतंत्र ट्रान्समीटर जोडून चालणारे हेडफोन बरे, त्यांत उशीर सहसा कमी असतो.

आणि हे सगळं हेडफोन परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका!