पट २८

९.४५ शिपायाचं पद आमच्या शाळेला नाही, तेव्हा कुलूप मी उघडतो आणि झाडू चौथी-पाचवीची पोरं घेतात. फाट्यावरून इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन जाते. आमची तिघं आता तिच्यात बसतात.

१०.३० परिपाठ उरकला. बाई प्रशिक्षणाला गेल्यात, म्हणून पाचही वर्ग माझ्या खोलीत. पहिली ते पाचवी, पट ६० पर्यंत दोन शिक्षक, असा शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब. त्यात डोकी मोजलीत, इयत्ता नाहीत. तिसरीला भागाकार देऊन पहिलीकडे वळावं, तोवर दुसरी भांडून मोकळी.

१.०० खिचडी. मावशींचं मानधन महिना २,५०० रुपये, तेही वेळेवर आलं तर. "गुरुजी, सिलिंडर उद्यापुरतंच हाय," त्या म्हणाल्या.

२.१५ मुलं चित्रं काढतायत, मी अनुदानाची वही उघडतो. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ पासून १०० पर्यंत २५,०००. आमचा पट ३१ होता. व्हॅननं तिघं नेली आणि त्यांच्यामागोमाग पंधरा हजारही गेले. उरलेल्यातले दहा टक्के स्वच्छतेला बाजूला काढायचे. राहिलेल्या नऊ हजारांत वीजबिल, खडू, नोंदवह्या, नळाची तोटी आणि मधल्या वर्गाचे गळके पत्रे. पोरं तीन कमी झाली म्हणून पाऊस काही कमी गळत नाही. पण मागणीपत्रात असलं लिहायला रकाना नसतो.

३.३० केंद्रप्रमुखांचा फोन. "लोकसहभागातून काहीतरी करा, गुरुजी. केंद्रशाळेनं बघा, टीव्ही घेतला, रंग दिला." खरंय. तिथले पालक दुकानदार, बागायतदार. इथले दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात; मुकादमाची उचल फिटता फिटत नाही, त्यांच्यापुढे पावतीपुस्तक कसं धरू? वर्गणी पैसेवाल्या गावातच निघते. सरकारनं तरी उलटा हिशेब धरावा.

४.४५ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रानातून थेट आले. ठरावात आधी वीजबिल, जमलं तर दोन पत्रे. सही करताना म्हणाले, "औंदा पोरांना आजीपाशी ठेवतो. दोघांची नावं काढू नका, गुरुजी."

"नाव राहील हो. पण आजी शाळेत धाडेल का?"

"धाडंल. जेवण हाय ना हितं."

मी सिलिंडरचा नंबर लावला.