धुळे : नगर, वास्तू आणि भाषा

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावी ‘जिल्ह्याला जाणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ दीर्घकाळ एकच होता : धुळ्यास जाणे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तो अर्थ पालटला. कचेऱ्या विभागल्या, परंतु धुळ्यातील ग्रंथालये व दप्तरखाने धुळ्यातच राहिले. या प्रदेशाच्या अभ्यासकाला त्या नगराची ओळख म्हणूनच अद्याप आवश्यक आहे.

पांझरेकाठचे हे नगर आजच्या रूपात फार जुने नव्हे. १८०३ च्या दुष्काळात गाव ओस पडले व पुढे विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये जिल्ह्याचे ठाणे म्हणून त्याची निवड केली, कारण ते मुंबई-आग्रा मार्गावर होते. त्या वर्षी तेथे ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. ब्रिग्जने कचेऱ्यांसाठी दूरदूरचे कारागीर आणविले आणि व्यापारी-सावकारांना घरांसाठी विनामूल्य जागा दिल्या. अशा मुद्दाम वसविलेल्या नगराला शोभेल अशीच आग्रा रस्त्यालगतच्या गल्ल्यांची नावे आहेत : गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पुण्याच्या पेठांच्या नावांत वार आहेत, पेशवे आहेत. क्रमांकापुढे मात्र व्युत्पत्तिकाराने हात टेकावेत.

मौज अशी की, मराठीचे थोर व्युत्पत्तिकार वि. का. राजवाडे यांचा देहान्त याच नगरात, ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाला. त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली कागदपत्रे जतन करण्यासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा ‘धातुकोश’ (१९३७) व ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ (१९४२) त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेक व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत. तरी त्यांत संगृहीत झालेल्या शब्दसंपत्तीला पर्याय नाही. दुसरी वास्तू श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते मठामठांतून मिळविली व ती येथे आली. समर्थांच्या हस्ताक्षरातील मानले जाणारे वाल्मीकिरामायण त्यांत आहे. या मंदिरात दैवत आहे ते लिखित शब्दाचे.

तिसरी वास्तू तुरुंग. १९३२ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचन केले. अठरा अध्यायांची ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, आणि बोललेल्या मराठीचा एक ग्रंथ झाला.

तेव्हा धुळ्याच्या ख्यातनाम वास्तू राजवाडे वा किल्ले नसून कागदाची घरे आहेत. परंतु त्यांत जपली गेली ती प्रामुख्याने लिखित मराठी. दाराबाहेर, बाजारात ऐकू येणारी अहिराणी, शहादा परिसरातील गुजरी व भिल्लांच्या बोली यांना अशी वास्तू लाभली नाही. राजवाड्यांच्या ‘धातुकोशा’शेजारी अहिराणी धातूंचा कोश ठेवता यावा, यासाठी लागणारी टाचणे ब्राह्मणपुरीच्या ओट्यांवर बसूनही करता येतील, मात्र ज्यांच्या मुखी ती रूपे अद्याप सहज येतात, ते वक्ते आता वृद्ध आहेत.