हाडातला रॉड आणि शरीरातले राखणदार

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत जा, नाहीतर आसपासच्या कोणत्याही गावात जा. 'माझ्या पायात रॉड टाकलाय' असे सांगणारा एखादा तरी गडी भेटतोच. कुणी मोटारसायकलवरून पडलेला असतो, कुणी विहिरीच्या काठावरून घसरलेला. म्हाताऱ्या माणसांपैकी कुणाचा खुबा बदललेला असतो, कुणाचा गुडघा. आपला जालना जिल्हा लोखंडी सळयांसाठी नावाजलेला आहे, पण हाडातला रॉड त्या सळयांच्या जातीचा नव्हे बरे का! तो टायटॅनियम नावाच्या धातूचा किंवा न गंजणाऱ्या खास पोलादाचा असतो. शरीर त्याला सहसा नाकारीत नाही. हाड जुळते, माणूस चालू लागतो, शेतावर जाऊ लागतो.

पण शंभरातल्या एकदोघांच्या बाबतीत वेगळेच घडते. जखम भरल्यासारखी दिसते, आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, तिथे ठणका लागतो आणि पू येऊ लागतो. गोळ्या घेतल्या की थांबतो, गोळ्या संपल्या की पुन्हा येतो. शेवटी तोच रॉड काढावा लागतो. एका शस्त्रक्रियेच्या दोन-तीन होतात, हंगाम बुडतो, बैल विकावे लागतात. हाड उघडे पडून मोडलेले असेल आणि जखमेत माती गेली असेल, तर हा धोका कितीतरी वाढतो.

आता तुम्ही म्हणाल, साध्या जखमेतले जंतू शरीर मारते, मग इथेच ते का हरते? याचे उत्तर १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी फार सरळ रीतीने शोधले. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या कातडीत त्यांनी पू करणारे जंतू टोचून पाहिले. गळू यायला दहा लाखांहून अधिक जंतू लागले. मग त्याच जागी रेशमी धाग्याचा टाका घातला, तर शंभराच्या आसपास जंतूही पुरले! धागा विषारी नव्हता, मळका नव्हता. फक्त तो परका होता, एवढेच.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्याला वेढायचे, गिळायचे आणि पोटात जिरवायचे, हे त्यांचे काम. रॉडवर बसलेला जंतू पाहून त्या तिथेही धावतात. पण गिळणार काय? मुंगीने भिंत गिळायला जावे तसा तो प्रकार होतो. भिंत गिळली जात नाही आणि पेशी मात्र आपल्याजवळचे सारे जहाल रस तिथेच ओतून थकून जाते. जवळच बसलेल्या जंतूंना मारायला तिच्यात मग त्राण उरत नाही.

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. पाण्याच्या हौदाला आतून बुळबुळीत थर धरतो तो तुम्ही पाहिला आहेच. तसाच चिकट थर हे जंतू धातूवर तयार करतात आणि त्याखाली दडून बसतात. मोकळ्या जंतूला मारणारे औषध या थरातल्या जंतूला मारायला शेकडो पटींनी, कधी हजार पटींनीही जास्त लागते. तेवढे औषध माणसाला देता येत नाही.

अमेरिकेतील शल्यवैद्य ग्रिस्टिना यांनी १९८७ साली या साऱ्याला एक नाव दिले: पृष्ठभागासाठीची शर्यत. आपल्याकडे एस.टी. लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच समजा. रॉड शरीरात गेला की त्याच्या अंगावर आधी कोण बसणार, शरीराच्या पेशी की जंतू? पेशी आधी बसल्या तर जंतूंना जागा उरत नाही. जंतूंनी रुमाल टाकला तर पुढचे सगळे अवघड.

ही शर्यत जिंकण्याची पहिली तऱ्हा म्हणजे जंतूंना आतच येऊ न देणे. कृत्रिम खुब्याचे जनक सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडात शस्त्रक्रियेच्या खोलीतली हवा गाळून घ्यायला सुरुवात केली, आणखीही काळज्या घेतल्या. शंभरात सातजणांना होणारा हा दोष त्यांनी एकाच्याही खाली आणला. नव्या युक्त्यांचे कौतुक करताना हे विसरता कामा नये. स्वच्छ हवेचे आणि धुतलेल्या हातांचे काम अजूनही मोठेच आहे.

आता नॅनो द्रव्यांकडे वळू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पू करणारा जंतू सुमारे हजार नॅनोमीटरचा असतो. म्हणजे काही दहा किंवा शंभर नॅनोमीटरची वस्तू ही जंतूपुढेसुद्धा खेळण्याएवढीच. टायटॅनियमला विशिष्ट द्रवात बुडवून वीज दिली की त्याच्या अंगावर अशा बारीक नळ्यांचे रान उगवते. नळीची रुंदी योग्य असेल तर हाडाच्या पेशींना तिथे पाय रोवायला बरे पडते, आणि नळ्यांत औषधही भरून ठेवता येते. याहून मौजेची गोष्ट चतुराची. पावसाळ्याच्या अखेरीला शेतावर भिरभिरणाऱ्या चतुराच्या पंखावर अतिसूक्ष्म काट्यांची दाटी असते आणि त्यावर बसलेला जंतू मरतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले. औषधाचा थेंब नाही, केवळ आकाराने मरण! तसे काटे धातूवर उठवण्याचे प्रयोग आता चालू आहेत.

चांदीचा गुण आपल्या आज्यांनाही ठाऊक होता. बाळाला चांदीच्या वाटीतून पाजायचे ते उगाच नव्हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचे जंतुनाशक जेल तयार केले, त्यावरचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. पण ते वरून लावण्याचे औषध. हाडाच्या आत चांदी ठेवायची म्हणजे हिशेब नाजूक होतो. थोडी कमी पडली तर जंतू जगतात, थोडी जास्त झाली तर हाडाच्याच पेशी मरतात.

मला स्वतःला सर्वांत आशेची वाटते ती तिसरी वाट: जंतूंना आपण मारण्याऐवजी थकलेल्या राखणदारांनाच बळ देणे. शरीरात मोठ्या भक्षक पेशी असतात. त्यांची दोन रूपे समजा. एका रूपात त्या लढतात, दुसऱ्यात डागडुजी करतात. चिकट थरातले जंतू लबाड असे की ते या पेशींना वेळेआधीच डागडुजीला लावतात. शत्रू घरात, आणि राखणदार भिंत सारवीत बसलेला! नॅनो कणांतून योग्य संदेश देऊन त्यांना पहिले काही दिवस लढते ठेवायचे आणि मग डागडुजीला सोडायचे, अशी ही कल्पना आहे. उंदरांवर ती पुष्कळदा साधली आहे. माणसांत तिचा सर्रास वापर अद्याप नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

तरी या वाटेचा एक पल्ला आपण महाराष्ट्रात ओलांडलेला आहे. भक्षक पेशींची खोड अशी की दिसेल तो बारीक कण त्या गिळतात. मग औषधच चरबीच्या सूक्ष्म पुडीत बांधून दिले तर? मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अँफोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध अशा पुड्यांत घालून रुग्णांना दिले. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत मराठवाड्यातले लोक ज्या इंजेक्शनसाठी रात्रंदिवस वणवण करीत होते, ते याच जातीचे. काही जंतू पेशीच्या पोटातच लपून जगतात. तिथवर औषध पोहोचवायला हीच पुडी उपयोगी पडेल.

पण राखणदारांना आंधळेपणाने चेतवणे धोक्याचे ठरते. याच पू करणाऱ्या जंतूवरची एक लस अमेरिकेतील मर्क कंपनीने काढली आणि छातीच्या शस्त्रक्रियेआधी सुमारे आठ हजार जणांवर ती पारखली गेली. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. लशीने संसर्ग कमी झाला नाही. उलट संसर्ग झालेल्यांत लस घेतलेले अधिक दगावले. म्हणूनच आता संदेश साऱ्या शरीराला न देता रॉडच्या अंगाशीच, मोजून द्यावा, याकडे संशोधकांचा कल आहे.

हे सारे बाजारात येईपर्यंत ज्याच्या पायात आज रॉड आहे त्याने काय करावे? चिकट थर नवा असतो तेव्हा जखम उघडून धुतली तर पुष्कळदा रॉड वाचतो. थर पिकला की तो काढण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा टाक्याजवळ लाली, ओल किंवा नवा ठणका दिसला, तर ज्यांनी रॉड बसवला त्या डॉक्टरांकडे, मग ते जालन्याचे असोत की छत्रपती संभाजीनगरचे, त्याच आठवड्यात जावे. मधुमेह असेल तर दुसऱ्याच दिवशी. आणि जाण्याआधी दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून खाऊ नयेत. त्या गोळ्यांनी थरातले जंतू मरत नाहीत, फक्त दबतात. आणि डॉक्टरांनी तपासायला घेतलेल्या नमुन्यात मग ते उगवतच नाहीत, त्यामुळे नेमके कोणते औषध द्यावे हेच त्यांना कळत नाही.