मेन पाडला, तरी ५८७ व्होल्ट

शिरोली एमआयडीसी असो की चाकण, मशिन अडलं की मेंटेनन्सवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मेन पाडला का?" "पाडला," असं उत्तर आलं की पॅनेलचं दार उघडतं. खिशातला टेस्टर टर्मिनलला टेकतो, दिवा लागत नाही आणि हात आत जातो. कॉन्टॅक्टर आणि फ्यूज एवढंच पॅनेलमध्ये असायचं, तेव्हा यावर बरंचसं निभावून जायचं. आता मोटरच्या अलीकडे ड्राइव्ह बसली आहे. ती असताना मात्र टेस्टरचा हा न लागलेला दिवा जिवावर उठू शकतो.

ड्राइव्हचं काम मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करण्याचं. त्यासाठी ती आधी ४१५ व्होल्टच्या थ्री फेज एसीचं डीसी करून घेते. एसीचं शिखर ४१५ च्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ५८७ व्होल्ट. हा डीसी सपाट राहावा म्हणून आत मोठे कपॅसिटर असतात आणि ते ५८७ व्होल्टपर्यंत भरून बसलेले असतात. मेन पाडल्यावर बाहेरची वीज थांबते. कपॅसिटरमधला भार जागच्या जागीच राहतो.

टेस्टर हे का सांगत नाही? टेस्टरचा दिवा लागतो तो आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी किंचित करंटवर. तो करंट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलपर्यंत पोचतो आणि वाट पुरी होते. तिन्ही फेज तुटल्यावर ही वाटच उरत नाही. कपॅसिटरची दोन्ही टोकं जमिनीपासून सुटी झालेली असतात. टेस्टर एका टोकाला लावा, अंधार. दुसऱ्याला लावा, तरी अंधार. दोन टोकांमध्ये मात्र ५८७ व्होल्ट तसेच उभे. एका टोकाला चुकून बोट लागलं तरी काही जाणवत नाही, आणि माणसाची खात्री आणखी पक्की होते. मग दुसरा हात दुसऱ्या टोकाला लागतो. करंटची वाट एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जाते.

एक हजार मायक्रोफॅरडचा संच धरला, तर ५८७ व्होल्टला त्यात सुमारे १७२ जूल ऊर्जा असते. बेताल थरथरणारं हृदय ताळ्यावर आणायला इस्पितळात जो झटका देतात, तो साधारण १५० ते २०० जूलचा असतो. घामाने ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर पहिल्या क्षणी अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट वाहतो. अशा वेळी ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारी आरसीसीबी कामाला येत नाही, कारण ती लाइनकडे पाहते आणि हा झटका लाइनमधून आलेलाच नसतो. मेन तर आधीच पडलेला आहे.

साठवलेल्या विजेचा हा गुण माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. कपॅसिटरचा पूर्वज म्हणजे लायडन जार, काचेची एक बरणी. १७४६ मध्ये फ्रान्समध्ये नोले या भौतिकशास्त्रज्ञाने राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि बरणीतली वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदम उडाले. त्या बरणीला ना मेन होता, ना लाइन.

म्हणून ड्राइव्हवर "इतकी मिनिटं थांबा" अशी चिठ्ठी असते. प्रॉडक्शन थांबलेलं असताना पाच मिनिटं कोण थांबणार, असं शॉपफ्लोअरवर सर्रास म्हटलं जातं. त्या मिनिटांचा हिशेब मला म्हणूनच सांगावासा वाटतो. कपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर असतो आणि भार त्यातून ओसरत जातो. आपल्या हजार मायक्रोफॅरडला एक लाख ओहमचा रेझिस्टर असेल, तर मिनिटभराने ३२२ व्होल्ट उरतात, दोन मिनिटांनी १७७, तीन मिनिटांनी ९७ आणि चार मिनिटांनी ५३. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात उरलेल्या व्होल्टेजची सीमा ६० व्होल्ट धरली आहे. तो छोटा रेझिस्टर जळून तुटला असेल, तर मात्र हा हिशेबच कोसळतो. मग पंधरा मिनिटांनंतरही आकडा शेकड्यांत असू शकतो, आणि चिठ्ठीला ते कळत नाही.

मेनवर स्वतःचं कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं हा सुरक्षेचा निम्मा भाग, आणि तो अजिबात टाळू नये. वीज गेली आहे म्हणून काम सुरू करणं तर फारच वाईट, कारण जनरेटर आपोआप चालू होऊ शकतो. पण कुलूप बाहेरची वीज अडवतं. आतली वीज मोजावीच लागते.

मोजायची तीही पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह या दोन टर्मिनलांमध्ये, डीसीवर ठेवलेल्या, त्या व्होल्टेजला साजेशा मीटरने. आधी तो मीटर चालू असलेल्या खात्रीच्या डीसी सप्लायवर तपासायचा. मग ड्राइव्हच्या टर्मिनलांना लावून आकडा खाली येताना पाहायचा: ३२२, १७७, ९७, ५३. शून्याच्या जवळ आला की मीटर पुन्हा त्याच चालू सप्लायवर लावायचा, कारण मधल्या काळात त्याची लीड तुटली असेल तरी पडद्यावर शून्यच दिसलं असतं. तिथे आकडा नीट उमटला, की मग स्क्रूड्रायव्हर उचलायचा.