बोलीचा आकडा घरूनच ठरवून निघा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात बँकेची लिलावाची जाहीर सूचना येते. बहुतेक जण ती न वाचताच पान उलटतात. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये राबून आता स्वतःचं शटर उघडायच्या विचारात असलेला टर्नर मात्र ती ओळ न् ओळ वाचतो. नवं लेथ खिशाला परवडत नाही. लिलावात तेच निम्म्या किमतीत मिळेल, अशी आशा असते. कधी मिळतंही! आणि कधी बायकोच्या दागिन्यांवर काढलेलं कर्ज गंजलेल्या लोखंडात रुतून बसतं.

थकलेल्या कर्जापायी तारण मालमत्ता कोर्टाची पायरी न चढता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना २००२च्या सरफेसी कायद्यानं मिळाला. सरकारी कारखाने, रेल्वे वगैरेंचा जुना माल विकण्याचं काम १९६४ साली स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी करते. हल्ली हे लिलाव बहुतांशी ऑनलाइन होतात. पद्धत बदलली तरी एक अट कायम आहे : ‘जसे आहे, जेथे आहे’. म्हणजे मशीन चालो न चालो, नंतर तक्रारीला जागा नाही.

म्हणून पाहणीचा दिवस चुकवू नये. सोबत जुना जाणता फिटर न्यावा. त्याच्या चहापाण्याचा खर्च हा या सगळ्या व्यवहारातला सर्वात स्वस्त विमा!

पाहायचं काय? ताज्या रंगाला भुलायचं नाही. रंगाखाली काय झाकलंय हा प्रश्न आधी विचारायचा. लेथचा जीव त्याच्या बेडमध्ये असतो. बहुतेक काम चकच्या जवळ होतं, त्यामुळे बेड तिथंच जास्त झिजतो. कॅरेजचं लॉक चकजवळ हलकेच आवळून कॅरेज टेलस्टॉककडे सरकवत न्यावं. वाटेत ती घट्ट होऊन अडली, तर बेड चकजवळ झिजलाय हे समजावं. बेड पुन्हा ग्राइंड करून घेणं हे खर्चाचं काम आहे. मग स्पिंडल. चकखाली लाकडी दांडा घालून वर उचलून बघावं, डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहावं. क्रॉस स्लाइडचं हँडल किती मोकळं फिरतं, गिअरचे दात शाबूत आहेत का, चक, टूलपोस्ट, चेंज गिअर जागेवर आहेत की कुणी आधीच लांबवलेत, हेही. बेंगळुरूला १९५३ साली सुरू झालेल्या एचएमटीचं लेथ दिसलं की भल्याभल्यांचे डोळे चमकतात. पण नाव कितीही मोठं असलं तरी झीज कुणाला चुकलेली नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. शेडच्या कोपऱ्यात कधी कधी जुना मालक किंवा त्याचा कामगार उभा असतो. त्याचं तर सगळंच गेलेलं असतं. त्याच्याशी दोन शब्द माणुसकीनं बोलावं. मशीन कधी बंद पडलं, काय बदललं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता हिशेब. हा घरी बसून, कागदावर आणि घरातल्या माणसांसमोर करायचा. समजा, तसंच लेथ चालू स्थितीत व्यापाऱ्याकडे ४ लाखांना मिळतं. त्यातून क्रेन-ट्रकचे २५ हजार, फाउंडेशन व वायरिंगचे १५ हजार, दुरुस्तीचे ६० हजार, गहाळ सामानाचे २० हजार आणि न दिसलेल्या दोषांसाठी ४० हजार वजा करा. उरले २ लाख ४० हजार. एवढी धावपळ करून शेवटी व्यापाऱ्याइतकीच किंमत पडणार असेल, तर जोखीम घ्यायची कशाला? तेव्हा आणखी ३० हजार स्वतःसाठी सोडा. राहिले २ लाख १० हजार. बोलीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार असेल, तर बोलीची हद्द येते पावणेदोन लाखांच्या जरा वर, १ लाख ७७ हजार. (जीएसटी नोंदणी असलेल्याला या कराची वजावट बहुधा मिळते, त्यानं आपल्या सीएला आधीच विचारावं.) चार लाखांच्या मशीनला पावणेदोन! आकडा पाहून कुणीही दचकेल, पण खरा हिशेब असाच असतो.

लिलावाचा एक चकवा तर भल्याभल्यांना उमगला नव्हता. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात कंपन्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी नफा का येतो, याचा तीन अमेरिकन अभियंत्यांनी १९७१ साली उलगडा केला. प्रत्येक जण किमतीचा अंदाज बांधतो. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. लिलाव कोण जिंकतो? ज्याचा अंदाज सर्वात फुगलेला, तो! याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. यावरून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते : गर्दी जितकी जास्त, तितका आपला आकडा खाली आणावा. आपण करतो नेमकं उलट. इतके जण मागताहेत म्हणजे माल चांगलाच असणार, म्हणून आणखी चढतो.

ऑनलाइन लिलावात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो. असं अनेकदा होतं. ‘अजून दोनच हजार’ हे वाक्य दहा वेळा म्हटलं की वीस हजार झाले. त्या वेळी हद्दीचा कागद शेजारी बसलेल्या बायकोच्या हाती असलेला बरा. बोली जिंकून पैसे भरले नाहीत, तर बयाणा जप्त होतो, हेही ध्यानात असावं.

अटींचा कागद बोलीआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. लॉट एकाच मशीनचा आहे, की सोबत चार निकामी सांगाडेही उचलावे लागणार? माल किती दिवसांत हलवायचा? मुदत उलटली की जागेचं भाडं रोजच्या रोज चढतं, आणि दीड-दोन टनांचं लेथ काही हातगाडीवर येत नाही. शेडचं दार किती रुंद आहे, क्रेन आत शिरते का, हे पाहणीच्या दिवशीच टेपनं मोजून घ्यावं. आपल्या गाळ्यात थ्री फेज वीज नसेल, तर त्या जोडणीचा खर्चही वरच्या वजाबाकीत धरावा.