जुनी मोटारसायकल विकताना : भाव, एक्सचेंज आणि आरसी

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या शाखेत दसरा-दिवाळीच्या आधी दुचाकी कर्जाची चौकशी वाढते. अनेक खातेदारांचे गणित ठरलेले असते : ‘जुनी गाडी शोरूमला देऊ, उरलेल्या रकमेचे कर्ज काढू.’ नव्या गाडीचा हप्ता सगळे बारकाईने विचारतात. जुन्या गाडीचे किती येणार, हे मात्र शोरूमवाला सांगेल तेच धरून चालतात. लहान बचतदाराच्या घरात सोन्यानंतर विकता येण्याजोगी मोठी वस्तू बहुधा मोटारसायकलच असते. म्हणून तिच्या किमतीचा हिशेबही नीट करायला हवा.

भाव कशावर ठरतो?

नवी गाडी घेताना तुम्ही ऑन-रोड किंमत देता. तिच्यात रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा असतो. विकताना हा खर्च वेगळा परत मिळत नाही, त्यामुळे पहिल्याच वर्षी किंमत बरीच उतरल्यासारखी वाटते.

अंदाजासाठी विमा पॉलिसीतला आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा-किंमत, पाहा. तिच्यासाठी घसाऱ्याचे ठरलेले कोष्टक आहे. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन वर्षांची ३० टक्के, तीन ते चार वर्षांची ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांची ५० टक्के. ही वजावट एक्स-शोरूम किमतीवर होते. आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे. खप चांगला असलेल्या, सुटे भाग कुठेही मिळणाऱ्या गाडीला त्याहून जास्त मिळू शकते. बंद पडलेल्या मॉडेलला कमी मिळते.

नव्या गाडीची किंमत बदलली की जुनीचीही बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीसाठी पूर्वीचा भाव कोण देईल? म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला काय मिळाले, यावर आपली अपेक्षा ठरवू नका.

बाकी भाव गाडीच्या स्थितीवर आणि कागदांवर ठरतो. एकाच मालकाची गाडी, सर्व्हिसच्या पावत्या, दोन्ही चाव्या, चालू विमा, पीयूसी आणि थकीत ई-चलान नसणे, या गोष्टी घासाघीस कमी करतात. विकण्यापूर्वी गाडी धुऊन घ्या, ब्रेक, दिवे, हॉर्न ठीक करा. रंगकामावर मोठा खर्च करू नका. तो सहसा वसूल होत नाही आणि अपघात लपवला आहे की काय, अशी शंका येते.

एक्सचेंजचे खरे गणित

समजा, एक शोरूम तुमच्या जुन्या गाडीचे बोनससह ३५,००० रुपये देते आणि नवी गाडी ॲक्सेसरीजसह १,१०,००० रुपयांना सांगते. दुसरे शोरूम जुनीचे ३१,०००च देते, पण नवी १,०४,००० रुपयांना देते. पहिल्या ठिकाणी तुमच्या खिशातून ७५,००० जातात, दुसऱ्या ठिकाणी ७३,०००. जुन्या गाडीला चार हजार कमी मिळूनही दुसरा सौदा दोन हजारांनी स्वस्त आहे. म्हणून प्रश्न एकच विचारा : ‘सगळे धरून मला वर किती द्यायचे?’ आणि उत्तर लिहून घ्या.

तीच गाडी ओळखीतला ग्राहक ३८,००० रुपयांना घेत असेल, तर ३१,०००च्या तुलनेत ७,००० रुपये जास्त मिळतात. तेवढे कर्ज कमी घेतले, तर १२ टक्के दराने तीन वर्षांत दरमहा सुमारे २३२ रुपयांचा हप्ता वाचतो, म्हणजे एकूण सुमारे ८,३७० रुपये. पण त्यासाठी ग्राहक शोधणे, गाडी दाखवणे आणि कागदपत्रांची धावपळ तुम्हालाच करावी लागते. फरक हजार-दीड हजाराचाच असेल, तर एक्सचेंजमध्ये काही वावगे नाही.

जुन्या गाडीवर कर्ज बाकी असेल, तर आधी बँकेकडून कर्ज बंद करण्याची रक्कम लेखी घ्या. गाडीचे ३५,००० येत असतील आणि २८,००० बाकी असतील, तर तुमचे ७,०००च. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप गेली असे धरून चालू नका.

गाडी गेली, नाव राहिले

सर्वांत महाग चूक इथे होते. ‘पैसे मिळाले, चावी दिली, व्यवहार संपला’ असे आपण समजतो. कायदा मात्र आरसीवर ज्याचे नाव, त्यालाच मालक मानतो. एक गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली. पुढे अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. विमा चालू नसेल, तर अशी एक भरपाई आयुष्यभराची बचत खाऊ शकते.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण पूर्ण करा. खरेदीदार राज्यातलाच असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि राज्याबाहेरचा असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. खरेदीदाराने ३० दिवसांत. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊ नका. नाव बदलले की नाही, ते परिवहन पोर्टलवर स्वतः तपासा.

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक नागपूरला आहेत. जबलपूरची एमपी २० क्रमांकाची गाडी भाच्याला किंवा मेहुण्याला द्यायची असेल, तर इथल्या आरटीओची फॉर्म २८वरची एनओसी लागते. गाडी तिथेच राहणार असेल, तर महाराष्ट्राचा कर भरून नवा क्रमांकही घ्यावा लागतो. हा खर्च कोणी करायचा, ते आधीच बोलून घ्या. घरचाच माणूस आहे म्हणून कागद टाळू नका.

गाडी जुन्या वाहनांच्या डीलरला देत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सीने पोर्टलवर देता येते. त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते.

विम्यातली विसरलेली रक्कम

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग क्लेम न घेतल्यास तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घ्या, म्हणजे नव्या गाडीच्या ओन-डॅमेज हप्त्यात सवलत मिळेल. खरेदीदारानेही १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवा.

पैसे घेताना

ऑनलाइन जाहिरात दिलीत, तर फोनवर ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, ताबडतोब पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असे सांगणारा भेटू शकतो. आपल्या छावणीच्या शहरात वर्दीवर सर्वांचा विश्वास असतो, ठग त्याचाच फायदा घेतात. लक्षात ठेवा, पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा आणि बँकेला सांगा. रक्कम खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहिल्यावरच चावी द्या. चेक असेल तर तो वटेपर्यंत थांबा.

चावी देण्यापूर्वी

- किमान तीन ठिकाणचे भाव लेखी घेतले का?
- आरसीवरचा बोजा उतरला का?
- फॉर्म पूर्ण भरून त्यांची प्रत ठेवली का?
- खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि तारीख-वेळ घातलेली गाडी सोपवल्याची पावती आहे का?
- थकीत चलाने भरली का?

यातले एखादे उत्तर ‘नाही’ असेल, तर गाडी आणखी चार दिवस दारात राहू द्या. शंका असेल तर कागद घेऊन शाखेत या. नव्या कर्जाचा अर्ज भरण्याआधी आलात, तर अधिक बरे.